प्रतिस्पर्ध्याचा जमाखर्च

फुटबॉलवर बोलत बसणाऱ्या माणसाकडे आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनही काहीशा अनुकंपेनेच पाहिले जाते. खेळणे हे प्रकृतीला हितकर, सामना पाहणे एक वेळ क्षम्य, परंतु सामना आटोपल्यावर त्यावर घटका घटका वाद घालीत बसणे हा मात्र निव्वळ कालापव्यय, असे मत पालकसभेत मी अनेकदा ऐकले आहे. मला ते पटत नाही. वाद घालणाऱ्यांविरुद्ध माझीही एक तक्रार आहे. पण ती ते फार बोलतात ही नव्हे, तर बोलायचे त्यातले अर्धेच बोलतात, ही आहे.

सायंकाळी तिठ्यावरील रस-ऑम्लेटच्या गाड्याशेजारी थोडा वेळ उभे राहून हा वाद एकदा लक्षपूर्वक ऐकावा. वाद चालतो आपल्या कोकणीत, आधाराला घेतलेले वर्तमानपत्र असते मराठी आणि खेळातले निम्मे शब्द असतात इंग्रजी; तरी कोणाचेही कोणावाचून अडत नाही. आरंभ बहुधा आशेने होतो. ह्या हंगामात आपला क्लब वरच्या श्रेणीत चढणार की नाही? मग कोणी म्हणतो, बचाव कच्चा आहे. कोणी म्हणतो, परदेशी खेळाडू म्हातारा झाला आहे. पाच-दहा मिनिटांत गाडी पैशावर येते. त्या दुसऱ्या क्लबाला एवढा पैसा मिळतो कोठून? तेथून विषय खाणींवर, खाणींवरून सर्वोच्च न्यायालयावर, न्यायालयावरून सरकारवर आणि सरकारवरून पुढल्या निवडणुकीवर जातो. नागरिकशास्त्राचा तास घेताना जे विषय मुलांच्या गळी उतरवताना माझ्या घशाला कोरड पडते, ते येथे कोणी न शिकवता चर्चेला येतात. फुटबॉलच्या निमित्ताने का होईना, माणसे सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक न्यायाचा विचार करतात, ही गोष्ट लहान नाही.

ज्या वाचकांना ह्या खेळाचा गंध नाही, त्यांच्यासाठी चढउताराची ही व्यवस्था थोडक्यात सांगतो. जगातील बहुतेक देशांत फुटबॉलच्या स्पर्धा आपल्या शाळेच्या इयत्तांप्रमाणे एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या इयत्तेत पहिला किंवा दुसरा येणारा संघ पुढील वर्षी वरच्या इयत्तेत बसतो आणि वरच्या इयत्तेत तळाशी राहणारा संघ खाली येतो. शाळेशी असलेले साम्य मात्र येथेच संपते. शाळेत अभ्यास केला तर चाळीसच्या चाळीस मुले वर जाऊ शकतात. येथे एक चढतो तो दुसऱ्या कोणाला तरी खाली ढकलूनच चढतो. म्हणूनच ह्या आशेच्या पोटात थोडा मत्सर जन्मतःच असतो. आपल्या क्लबाने जिंकावे एवढे मागून चाहत्याचे भागत नाही. शेजाऱ्याने हरावे, हेही त्याला मागावे लागते. सामन्यापुरते हे मागणे निरुपद्रवी आहे. ते मैदानावरून जमाखर्चाच्या वहीकडे वळले की त्याचे रूप पालटते.

आपल्याच गोव्याचा इतिहास पाहा. २००७-०८ ते २०१२-१३ ह्या सलग सहा हंगामांत आय-लीग म्हणजे भारताचे राष्ट्रीय अजिंक्यपद गोव्याबाहेर गेलेच नाही. डेंपो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा डेंपो, साळगावकर, पुन्हा डेंपो, पुन्हा चर्चिल ब्रदर्स असा तो क्रम होता. ज्या कलकत्त्याच्या क्लबांची नावे ऐकत आमचे वडील वाढले, त्यांना ह्या चिमुकल्या प्रदेशातील तीन क्लबांनी सहा वर्षे दारात उभे केले नाही. त्या काळात मी महाविद्यालयात होतो. पणजीचा डेंपोवाला, वास्कोचा साळगावकरवाला आणि सासष्टीतला चर्चिलवाला एका बाकावर बसले म्हणजे प्राध्यापकांना व्याख्यान आवरते घ्यावे लागे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ही सहा वर्षे संपली ती का, ह्यावर तिठ्यावर एक ठराविक उत्तर मिळते: खाणी बंद पडल्या आणि क्लब बुडाले. उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते तारखांवर घासून पाहिले पाहिजे. गोव्यातील खाणकाम थांबले ते २०१२ च्या सप्टेंबरात; पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहोर उठवली. २०१४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्टे रद्द ठरून काम पुन्हा थांबले. आता डेंपोची गोष्ट घ्या. त्या घराण्याने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवा कंपनीस विकला होता, आणि २००९-१० व २०११-१२ ही दोन अजिंक्यपदे डेंपोने त्यानंतर मिळविली. तेव्हा 'खाण गेली, क्लब गेला' हे समीकरण निदान डेंपोच्या बाबतीत जुळत नाही. खाणीच्या पैशाने गोव्याच्या फुटबॉलला मोठा आधार दिला हे खरे. पण घसरण केवळ खाणीमुळे झाली असे म्हणणारा माणूस तारखा पाहत नाही.

माझ्या मते खरे दुखणे अधिक जुने होते. हे क्लब तिकिटांच्या विक्रीवर जगत नव्हते, सभासदांच्या वर्गणीवर जगत नव्हते आणि दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावरही जगत नव्हते. ते एकेका घराण्याच्या औदार्यावर जगत होते. त्या औदार्याबद्दल गोव्याने कृतज्ञ असले पाहिजे; कितीतरी गरीब घरांतल्या मुलांना त्याने पगार, नोकरी आणि नाव दिले. परंतु औदार्य म्हणजे उत्पन्न नव्हे. देणाऱ्याने हात आखडता घेण्याचे ठरविले तर त्याला जाब विचारता येत नाही. तसा अधिकार आपल्यापाशी नसतोच. ही गोष्ट चाहत्यांना ठाऊक नव्हती असेही नाही. प्रत्येकाला ती ठाऊक होती, पण शेजाऱ्याच्या क्लबापुरती!

माझी तक्रार आहे ती येथेच. प्रतिस्पर्ध्याच्या जमाखर्चाविषयी आपला चाहता एखाद्या हिशेबतपासनिसासारखा काटेकोर असतो. त्यांच्या खेळाडूंचे पगार किती महिने थकले, त्यांच्या मालकाने कोणती जमीन विकली, त्यांच्या प्रशिक्षकाचा करार कोणत्या दराने झाला, हे तो बोटांवर मोजून दाखवील. त्याच माणसाला त्याच्या स्वतःच्या क्लबाचे विचारा. तेथे सगळे 'आमचे शेठ समर्थ आहेत' एवढ्या एका वाक्यात आटोपते. परक्याच्या वहीला भिंग आणि आपल्या वहीला पडदा, अशी ही रीत आहे. दुसऱ्याची उधळपट्टी म्हणजे भ्रष्टाचार आणि आपली उधळपट्टी म्हणजे महत्त्वाकांक्षा, असा हा व्यवहारकोश आहे. (अशी माणसे फुटबॉलच्याच मैदानावर भेटतात असे मात्र नव्हे, लग्नाच्या खर्चाविषयी आपली कुटुंबे कशी बोलतात ते आठवावे.)

ह्या रीतीचे फळ गोव्याने तीन वर्षांच्या आत पाहिले. २०१४ च्या जानेवारीत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे दोन्ही संघ गोव्याचे होते आणि चषक चर्चिलने जिंकला. त्याच वर्षी आशियाई संघटनेने घालून दिलेल्या परवान्याच्या निकषांवर चर्चिल नापास झाला आणि २०१४-१५ च्या आय-लीगला मुकला. ज्या क्लबाच्या कपाटात नुकताच जिंकलेला चषक होता, त्याला खेळण्याची मुभा नव्हती. त्या वेळी इतर क्लबांच्या गोटांतून जो आनंद ऐकू आला, तो मला आजही आठवतो. वर्ष उलटले नाही तोच, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेंपो त्या हंगामाच्या शेवटी खालच्या श्रेणीत उतरला, आणि हसणाऱ्यांचे चेहरे तेवढे बदलले. डेंपोने मात्र मोठ्या जिद्दीने २०१५-१६ ची दुसरी श्रेणी जिंकून परतीचा मार्ग मिळविला. चढण्याची आशा फळाला आली, असे वाटले.

आणि नेमक्या त्याच वेळी जिनाच हलला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली होती. तिच्यात शिरकाव मैदानावरच्या यशाने होत नसे; मोठे वार्षिक शुल्क भरणाऱ्या मालकांना संघ मिळत असे. २०१६ मध्ये राष्ट्रीय महासंघाने अशी योजना पुढे आणली की, हीच स्पर्धा देशातील सर्वांत वरची मानावी, आय-लीग तिच्याखाली ठेवावी आणि दोहोंमध्ये चढउतार नसावा. म्हणजे खालच्या इयत्तेत तुम्ही कितीही वेळा पहिले आलात तरी वरचा वर्ग तुम्हांला बंदच. साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले; नुकताच वर चढलेला डेंपोही त्याच वर्षी त्यांच्या वाटेने गेला. चर्चिलला पुढल्या हंगामात पुन्हा प्रवेश मिळाला, पण ज्यांच्याशी भांडायचे ते शेजारी आता तेथे नव्हते. ह्या क्लबांचा निर्णय योग्य होता की घाईचा, ह्यावर आजही दुमत आहे. जेथे चढण्याची वाटच नाही तेथे पैसा ओतत राहण्याचे बंधन कोणा धनिकावर घालता येत नाही, असे मला वाटते. पण ज्या मुलांचे ऐन उमेदीचे दिवस त्या निर्णयात गेले, त्यांना हा युक्तिवाद सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

पैसा आणि बढती ह्यांचा संबंध किती क्रूर असू शकतो, ह्याचे याहून ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. आपल्यापैकी कित्येकांचे मामा-काका त्या देशात नोकरीला आहेत, तेव्हा बरी हे नाव काहींनी ऐकलेही असेल. मँचेस्टरच्या उत्तरेस असलेल्या ह्या गावाचा क्लब १८८५ मध्ये स्थापन झाला आणि १९०० व १९०३ साली त्याने इंग्लंडचा मानाचा एफ.ए. चषक जिंकला. २०१९ च्या वसंत ऋतूत तो चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढला. चाहत्यांनी जल्लोष केला. परंतु खेळाडूंचे पगार थकले होते, क्लब कर्जात होता आणि काही महिन्यांपूर्वी तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला होता. त्याच वर्षी २७ ऑगस्टला, नव्या श्रेणीतील एकही सामना न खेळता, तो संघटनेबाहेर काढण्यात आला. बढती मिळालेल्या वर्षीच गावातून क्लब नाहीसा झाला! पुढे चाहत्यांनी एकत्र येऊन, सरकारी अनुदानाचे साहाय्य घेऊन, २०२२ मध्ये ते जुने मैदान विकत घेतले आणि पुष्कळ खालच्या पायरीवरून पुन्हा खेळ सुरू केला. अशा अनेक अनुभवांनंतर २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने फुटबॉल क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली. हे काम चाहत्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कटकटीतून उभे राहिले, हे आपल्या तिठ्यावरील मंडळींनी ध्यानात घ्यावे. ते लोकही गप्पाच मारीत होते. पण त्यांनी आपल्याच क्लबाची वही मागितली.

आपल्याकडे जिना पुढे दुरुस्त करण्यात आला, हे सांगितले पाहिजे. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगचे दार उघडले. पहिल्या वर्षी पंजाबचा संघ वर गेला, पुढल्या वर्षी कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. वरून खाली मात्र २०२४-२५ पर्यंत कोणी आले नाही. तेवढा अर्धाच जिना बांधला गेला. तरी अर्ध्या जिन्यानेही आशा जागी होते. डेंपो तिसऱ्या श्रेणीत पुन्हा उतरला, २०२४ मध्ये तेथे दुसरा आला आणि आय-लीगमध्ये परतला. त्याच २०२४-२५ च्या हंगामात चर्चिल ब्रदर्स चाळीस गुणांनी आघाडीवर राहिला आणि एकोणचाळीस गुणांचा इंटर काशी त्याच्या मागे होता. परंतु नामधारी संघाने इंटर काशीविरुद्ध एक अपात्र खेळाडू खेळविला होता काय, आणि त्या सामन्याचे गुण कोणाला, हा वाद सुटायचा होता. एप्रिलमध्ये महासंघाच्या अपील समितीने चर्चिलच्या बाजूने कौल दिला. चर्चिलला चषकही मिळाला. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरविले.

ते तीन महिने आमच्या तिठ्यावर जे कायदेपांडित्य ऐकू आले त्याला तोड नाही. चार पिवळी कार्डे, नोंदणीची मुदत, अपिलाचा अधिकार ह्यांवर दहावीची मुले वकिलांसारखी बोलत होती. मला मात्र एका गोष्टीची खंत वाटली. निकाल आपल्या बाजूचा तेव्हा 'न्याय झाला' आणि विरुद्ध गेला तेव्हा 'पैसा खाल्ला', ह्यापलीकडे फार थोडे गेले. लवादापुढे कोणता मुद्दा होता, हे वाचून पाहण्याची तसदी एका विद्यार्थिनीने तेवढी घेतली. तिने वर्गात उभे राहून सांगितले की निकाल चर्चिलच्या विरुद्ध असला तरी तिला तो समजला आहे. तिचे घर पक्के चर्चिलवाले आहे, हे येथे नमूद करतो.

आता थोडे आपल्या अंगणात येऊ. राष्ट्रीय क्लबांच्या मालकांना आपण प्रश्न विचारू शकू की नाही, हे सांगता येत नाही. परंतु पाऊस ओसरला आणि भाताची कापणी झाली म्हणजे आपल्या गावांतून ज्या आंतरग्रामीण स्पर्धा भरतात, त्यांचे काय? तेथील पहिल्या बक्षिसाचा आकडा फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेला असतो. तो पैसा कोणी दिला, पंचांना किती गेले, बाहेरगावाहून एका सामन्यापुरत्या आणलेल्या 'भाडोत्री' खेळाडूला किती मोजले आणि शेवटी गावच्या क्लबावर देणे किती राहिले, हे कोठेच लिहिलेले नसते. दोन वर्षे स्पर्धा थाटात होते. तिसऱ्या वर्षी मंडप उभा राहत नाही. का, असे विचारले तर लोक खांदे उडवतात. पुढाऱ्याने देणगी दिली तर त्याचे नाव ध्वनिक्षेपकावर दहा वेळा घेतले जाते, पण तो पुढल्या वर्षी निवडणुकीत पडला तर चेंडू कोण आणणार, हा प्रश्न कार्यकारिणीत कोणी काढत नाही. मुलांच्या बुटांसाठी पैसे उरत नाहीत, ही तक्रार तर प्रत्येक गावात आहे.

ह्यावर माझा उपाय फार मोठा नाही. आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाला दरवर्षी जो निधी मिळतो आणि पालक जी वर्गणी देतात, तिचा हिशेब आजवर क्रीडाशिक्षकांच्या टेबलाच्या खणात राहत आला आहे. तो चोख असतो ह्याविषयी मला शंका नाही. परंतु यंदापासून नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी ती वही लिहावी, चेंडू, जाळी, प्रवास, खाऊ असे प्रत्येक खर्चाचे सदर वेगळे ठेवावे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या टेबलावर कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी, अशी सूचना मी क्रीडामंडळापुढे मांडली आहे. आपल्याशी नेहमी अंतिम सामना खेळणाऱ्या शेजारच्या शाळेलाही त्याची एक प्रत पाठवावी, असे तिचे दुसरे कलम आहे. पहिले कलम मंजूर झाले. दुसऱ्यावर पुढील बैठकीत चर्चा व्हावयाची आहे.